पाना हातात घेण्यापूर्वी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत बेळगाव येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यावर, इतिहासावर, मधुमेहावर व्याख्यानं झाली. यंदा आमचे सेक्रेटरी घरी आले तेव्हा मी अंगणात गोणपाटावर आडवा होऊन बुलेटखाली हात घालून बसलो होतो. ते म्हणाले, "यावरच बोला की." मी म्हटलं, "अहो, मी मेकॅनिक नव्हे. बँकेत आयुष्य काढलेला माणूस. मी काय सांगणार?" ते म्हणाले, "मग काय काय चुकतं ते सांगा." हे मात्र मला जमण्यासारखं होतं. एका गाडीवर पस्तीस वर्षांत मी इतक्या चुका केल्यात की एका संध्याकाळी सांगून संपायच्या नाहीत.

समोर उद्यमबागेत हयात घालवलेले फिटर, टर्नर, मोल्डर बसलेले दिसतात. त्यांनी मला सांभाळून घ्यावं. मी बोलतोय ते त्यांच्यासाठी नाही. ज्या तरुण मुलांनी आजोबांची नाहीतर काकांची जुनी बुलेट गोठ्यातून बाहेर काढली आहे, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आहेत आणि रविवारी सकाळी पाना हातात घेतला आहे, त्यांच्यासाठी मी उभा आहे.

आधी गाडीची ओळख. आमची गाडी १९७४ची, साडेतीनशे सीसीची बुलेट. नेमकं सांगायचं तर ३४६ सीसी. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. मूळची ही इंग्लंडमधल्या रेडिचची गाडी. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडं तयार होऊ लागली. या जुन्या इंजिनाला आपण 'कास्ट आयर्न' म्हणतो, कारण त्याचा सिलिंडर बिडाचा. हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. आजच्या मुलांना ही गाडी पहिल्यांदा दिली की ब्रेक मारायला जातात आणि गिअर पडतो.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ती १९८१ साली सेकंडहँड घेतली. ते फाउंड्रीत मोल्डर होते. बिडाचं इंजिन म्हणून त्यांना तिचा विशेष अभिमान. "हे आपल्या जातीचं लोखंड," म्हणायचे. मी नोकरीला लागल्यावर गाडी माझ्याकडं आली आणि तिच्या हालांना सुरुवात झाली.

पहिली चूक अगदी साधी. आजार कळायच्या आधीच औषध. आमची गाडी एकदा सात-आठ किलोमीटर चालली की बंद पडायची. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मी प्लग बदलला. कॉइल बदललं. पॉइंट बदलले. कार्ब्युरेटर खोलला. चार रविवार आणि त्या वेळच्या पगारातले बरेच पैसे गेले. शेवटी निघालं काय? पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलं होतं. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. टाचणीनं भोक मोकळं केलं आणि गाडी चालू. टाचणीचं काम होतं आणि मी निम्मी गाडी बदलून बसलो होतो.

वाईट म्हणजे, एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या की कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळायचा मार्गच उरत नाही. पुढं मी नियम केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालवून बघायची, मग दुसरी.

दुसरी चूक समजावून सांगायला मला लांब जायला नको. आपल्या मंडळाचं मखर बघा. अनंत चतुर्दशीनंतर ते सोडतं कोण? दमलेली, रात्रभर मिरवणुकीत नाचलेली पोरं. आणि पुढच्या वर्षी जोडायला बसतात दुसरीच माणसं. मग दरवर्षी दोन खांब उरतात, चार स्क्रू कमी पडतात आणि कुणीतरी म्हणतं, "हे असंच होतं गेल्या वर्षी." इंजिनाचंही तसंच आहे. सोडणारा आणि जोडणारा मी एकच असलो, तरी शनिवारी रात्री सोडणारा मी आणि पुढच्या रविवारी जोडणारा मी ही दोन माणसं असतात. मधल्या आठवड्यात बँकेत वर्षअखेर येऊन गेलेली असते.

म्हणून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. ज्या क्रमानं भाग निघाला त्या क्रमानं एकेका खळग्यात ठेवा, वर आकडा लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण जवळून एक आणि लांबून एक. नुसता जवळून काढलेला फोटो बघताना तो गाडीच्या कुठल्या बाजूचा आहे हेच आठवत नाही. आणि काम झाल्यावर एखादा वॉशर उरला, तर "कंपनीनं जास्तीचा दिला असेल" असं म्हणू नका. कंपनी जास्तीचं काही देत नाही.

तिसरी चूक, चुकीचं हत्यार आणि फाजील जोर. अ‍ॅडजस्टेबल पाना हे घरगुती मेकॅनिकचं लाडकं हत्यार. सगळ्या नटांना बसतो म्हणून घ्यायचा आणि सगळ्या नटांचे कोपरे घासून ठेवायचे. जुन्या बुलेटला बऱ्याच ठिकाणी इंची मापाचे आटे आहेत. आपल्या डब्यात पाने आणि बोल्ट मिलिमीटरचे. दोन फेरे बोल्ट आत जातो, मग अडतो. आपल्याला वाटतं गंज असेल, म्हणून जोर लावायचा. बोल्ट पोलादाचा, समोरचा आटा अ‍ॅल्युमिनियमचा. कोण हरणार ते सांगायला नको.

तेलाच्या ड्रेन प्लगचंही तेच. गळू नये म्हणून "अजून थोडा" आवळायचा. ते 'अजून थोडं' मी एकदा केलं आणि हाताला एकदम हलकं लागलं. ज्यानं आटे घालवलेत त्यालाच ते हलकेपण माहीत आहे. पोटात खड्डा पडतो. मग उद्यमबागेत जाऊन मोठे आटे पाडून घ्या, मापाचा नवा प्लग करून घ्या. गळत असेल तर प्लगखालचा तांब्याचा वॉशर बदलायचा असतो. पाच-दहा रुपयांचं काम मी मनगटाच्या ताकदीवर करायला गेलो होतो.

चौथी गोष्ट तेल बघण्याची. या इंजिनात तेलाची टाकी वेगळी लटकवलेली नाही. क्रँककेसच्याच मागच्या भागात तेलाचा कप्पा आहे. उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप आहेत. एक तेल कप्प्यातून बेअरिंगकडं नेतो, दुसरा खाली जमलेलं तेल परत कप्प्यात आणतो. गाडी महिनाभर उभी राहिली की कप्प्यातलं तेल हळूहळू क्रँकच्या बाजूला उतरतं. आपण झाकण उघडतो, काडी बघतो, तेल कमी. लगेच अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू केली की उतरलेलं तेल परत वर येतं, कप्पा भरून वाहतो आणि श्वासनळीतून तेल बाहेर पडून मागचं सगळं माखतं. मग आपणच लोकांना सांगायचं, "बुलेट म्हणजे गळणारच." गाडी आधी पाच-दहा मिनिटं चालवा, थोडी थांबू द्या आणि मग काडी बघा. एवढंच आहे.

पाचवी गोष्ट टॅपेट आणि पॉइंटची. गाडी वाजते म्हणून टॅपेट आवळायची हौस सगळ्यांना. या इंजिनाचे टॅपेट थंड असतानाच बसवायचे. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, म्हणजे काँप्रेशनच्या धावेच्या शेवटी. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मी आवाज पूर्ण जावा म्हणून एकदा गरम इंजिनावरच आवळून टाकले. गाडी शिवणयंत्रासारखी शांत झाली. मी खूश. महिन्याभरात ताकद गेली, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता आणि त्याची कड जळून गेली होती. थोडी टिकटिक हे या इंजिनाचं बोलणं आहे. ते गप्प झालं तर काळजी करा.

पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचं, फीलर गेज घालून. डोळ्यांनी किंवा पोस्टकार्डाच्या कोपऱ्यानं नव्हे. आणि हे आधी करायचं, टायमिंग नंतर. अंतर बदललं की टायमिंगही हलतं, म्हणून उलट क्रमानं केलेलं काम फुकट जातं. पिस्टन वरच्या टोकाला पोचायला ०.८ मिलिमीटर बाकी असताना पॉइंट सुटायला लागले पाहिजेत. पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून हळूच ओढत राहिलं की ती सुटण्याचा क्षण कळतो. हे टायमिंग फार पुढं गेलं तर किक उलटी येते. पायाचा घोटा काय म्हणतो ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा. या मांडवात दोघेतिघे तरी निघतील.

आता जरा गंभीर होऊन दोन गोष्टी सांगतो. आतापर्यंतच्या चुकांत पैसे गेले. या चुकांत माणूस जातो.

एक म्हणजे चेन. चेन ताणताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या आकाराच्या चकत्या असतात. दोन्हीकडं एकाच खाचेवर पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक फिरवून चेन तीन-चार ठिकाणी बघायची, कारण जुनी चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. जिथं सगळ्यांत घट्ट आहे तिथं साधारण इंचभर ढिली पाहिजे. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला. आणि चाक मागं सरकलं की ब्रेकचा रॉड आपोआप ताणला जातो, म्हणून ब्रेक पुन्हा सैल करून बसवायचा. मी एकदा हे विसरलो आणि कॅम्पमधून फिरून येईपर्यंत मागचा हब हात लावू देईना.

पण माणूस जातो म्हणतो ते वेगळं. आमच्या गल्लीतला एक मुलगा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, आणि हा फडकं घेऊन फिरत्या चेनवर धरून बसलेला, आपोआप पुसली जाते म्हणून. फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये गेलं, मागोमाग बोटं. दोन बोटांची टोकं गेली. तबला वाजवायचा तो. मी त्याचं नाव सांगणार नाही, पण तो सांगतो की प्रत्येकाला हे सांगत जा. चेन पुसताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवायचं. याला अपवाद नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. कार्ब्युरेटर पेट्रोलनं धुवायची आपली पद्धत. तो आपण कुठं धुतो? पावसाळा असतो, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, म्हणून पडवीत बसतो. आणि संध्याकाळी पडवीच्या आतल्या बाजूला देव्हाऱ्यात निरांजन लागलेलं असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दिव्यापर्यंत पोचते. ती पोचली हे आपल्याला कळत नाही, जाळ उलटा आपल्याकडं येतो तेव्हाच कळतं. काम उघड्यावर, दिवसा, दिव्यापासून लांब करा. दारं बंद करून आत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुराला वास असला तरी त्यातल्या खऱ्या विषाला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो. आणि ब्रेकचा ड्रम उघडला की आतली धूळ तोंडानं फुंकू नका. जुन्या ब्रेकशूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

मधेच थोडी गंमत. खंडेनवमीला आपण गाडीची पूजा करतो. करावीच. पण त्याआधी पाइप लावून अशी आंघोळ घालतो की पाणी पॉइंटच्या झाकणात, एअर फिल्टरमध्ये, सगळीकडं. मग हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ. दसऱ्याला सोनं वाटायला निघावं तर गाडी सुरू होत नाही. आणि ती माळ अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये अडकली तर मूठ परत येत नाही. देवाला फूल हेडलाइटवर वाहिलं तरी पोचतं.

आता शेवटची चूक. सगळ्यांत महाग पडलेली.

२००९चा जून. टायमिंग कव्हरमधून तेल पाझरत होतं. मी ठरवलं की यंदा एक थेंब गळू द्यायचा नाही. कव्हर काढलं, जुनं गॅस्केट खरवडलं, नवं बसवलं. त्यावर सिलिकॉनची पेस्ट लावली. दोन्ही बाजूंनी लावली, भरपूर लावली. पोळीला तूप लावावं तशी.

आप्पा पडवीत खुर्ची टाकून बसले होते. वय झालेलं, कमी ऐकू यायचं, पण डोळे शाबूत. ते म्हणाले, "काय करालास रे? एवढी पेस्ट लावू नको. भोकं आहेत तिथं."

मी त्यांना म्हटलं, "आप्पा, तुम्ही आत जाऊन बसा. ही पेस्ट तुमच्या वेळची नाही. नवीन आहे."

ते काही बोलले नाहीत. उठले आणि आत गेले.

त्या गॅस्केटला ठराविक ठिकाणी भोकं असतात. त्यांतून तेल कव्हरमधून इंजिनात आणि इंजिनातून कव्हरमध्ये येतं-जातं. पेस्ट जास्त झाली की बोल्ट आवळताना ती बाहेरही येते आणि आतही जाते. बाहेरची आपण बोटानं पुसतो. आत किती गेली ते दिसत नाही. जुन्या जाणत्यांची एक साधी पद्धत आहे. असं काम झाल्यावर इंजिन सुरू करून रॉकरकडं जाणाऱ्या नळीचा बोल्ट थोडा सैल करायचा आणि तिथं तेल येतंय का बघायचं. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. तसंच फेल्टचा फिल्टर बदलला होता, त्याचा रिकामा कप्पा तेलानं भरल्याशिवाय बेअरिंगकडं तेल जात नाही. त्यासाठी डिकॉम्प्रेसर ओढून पंधरा-वीस वेळा नुसती किक मारायची असते. तेही केलं नाही. थेट सुरू केली.

आणि तेल गळलं नाही. एक थेंब नाही. दोन आठवडे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इंजिनाखालची कोरडी फरशी दाखवत होतो.

जुलैत आम्ही दोघं, मी आणि ही, आंबोलीला निघालो. पाऊस होता. शिनोळी मागं पडली, काजूच्या बागा लागल्या, चढ सुरू झाला. गावात हळू चालणाऱ्या गाडीला जेवढं तेल पुरत होतं तेवढं चढावर, माणूस मागं बसलेला असताना पुरेना. आधी खालून ठकठक आवाज आला. मला वाटलं, टॅपेट. या गाडीला तेलाच्या दाबाचा दिवा नाही. अँपिअर मीटर आहे, तो फक्त बॅटरीबद्दल सांगतो. मी तसाच रेटत राहिलो. ही मागून म्हणाली, "थांबा की, काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, "काही नाही, पावसानं वाटतंय." दुसऱ्यांदा मी कुणाचं तरी ऐकलं नव्हतं.

दोन किलोमीटरवर इंजिन जाम झालं. मागचं चाक ओल्या रस्त्यावर घसरलं. माझा डावा हात क्लचवर कसा गेला ते मला आजही माहीत नाही, पण गेला. चाक सुटलं, गाडी वाकडीतिकडी होत कडेच्या चिखलात जाऊन थांबली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला. आम्ही दोघं पावसात उभे. ही काही बोलली नाही. नुसती माझी बाही धरून उभी होती. मला त्या कोरड्या फरशीची आठवण झाली.

गाडी टेंपोत घालून घरी आणली. आप्पा दारात. मी मान खाली घालून उभा. मला वाटलं होतं ते म्हणतील, "सांगत होतो ना." ते म्हणाले, "सून बरी आहे ना?" मग म्हणाले, "उद्या उघडूया. आधी हात धुऊन जेव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची अंगणात आणली. मी खोलत गेलो, ते सांगत गेले. कव्हर निघालं. तेलाच्या भोकात पेस्टची वळी होती, वाळलेल्या कुरडईएवढी. भोक पाऊण बुजलेलं. या जुन्या इंजिनात बिग एंडला फिरता बुश असतो. तो तेलाच्या पातळ थरावर जगतो. तो थर गेला आणि बुश जळून क्रँकपिनला चिकटला. पिन गेली, कनेक्टिंग रॉड गेला. आप्पांनी ती वळी बोटात धरली, निरखली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्यापलीकडं एक शब्द नाही.

क्रँक उद्यमबागेत दुरुस्त करून घेतली. इंजिन आम्ही दोघांनी मिळून जोडलं, तीन महिने लागले. दिवाळीच्या आसपास सुरू झालं. त्या तीन महिन्यांत त्यांनी मला जे शिकवलं ते मी आधीच्या वीस वर्षांत शिकलो नव्हतो, कारण आधी मी विचारलंच नव्हतं. २०११ साली ते गेले.

आता वळून बघतो तेव्हा दिसतं की माझ्या बहुतेक चुका ज्ञान कमी म्हणून झाल्या नाहीत. आटा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हे मला माहीत होतं. टॅपेट थंड इंजिनावर बसवायचे, हेही माहीत होतं. पेस्ट थोडी लावायची, हे तर पडवीत बसलेल्या माणसानं सांगितलं होतं. घाई होती, आणि विचारायला कमीपणा वाटत होता. पुस्तक वाचून या दोन्हींवर इलाज होत नाही.

म्हणून मी तरुण मित्रांना चार गोष्टी सांगून थांबतो. एक, गाडीची वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय बघायचं राहिलं. दोन, काम झाल्यावर लगेच लांब जाऊ नका. गल्लीत दोन फेऱ्या मारा, परत येऊन हात लावून बघा, काय गरम आहे, काय सैल आहे, कुठं ओलं आहे. पन्नासेक किलोमीटरनंतर नट-बोल्ट पुन्हा तपासा. तीन, ज्या कामानं ब्रेक किंवा चाक सुटतं ते काम एकट्यानं करून मोकळं होऊ नका. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांखालून जाऊ द्या, त्याला गाडीतलं काही कळत नसलं तरी. नट दिसतोय की नाही एवढं कुणालाही कळतं. आणि चार, आपल्या गल्लीत, नात्यात, या मांडवात अशी माणसं आहेत ज्यांच्या हातांना हे काम ठाऊक आहे. ती आपणहून एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगायला येत नाहीत. तेव्हा आपणच खुर्ची बाहेर आणून ठेवायची असते.

गेल्या महिन्यात माझी मुलगी ड्रेन प्लग आवळत होती. मी शेजारी बसलो होतो. माझ्या तोंडावर आलं होतं, "अजून थोडा." तिनंच हात थांबवला, पाना खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, वॉशर नवीन आहे, एवढं बस. उद्या सकाळी बघू ओलं आहे का." सकाळी तिनं फरशी बघितली. एक थेंब होता.

मला बरं वाटलं. तिनं तारीख घालून वहीत लिहून ठेवलं.



गणपती बाप्पा मोरया!